आतल्या खोलीतला संगणक, हॉलमधला टीव्ही: लांब एचडीएमआय केबल घेण्याआधी

आमच्या मुलुंडच्या घरात एका टीव्हीसाठी मी तीन वेळा एचडीएमआय केबल, म्हणजे संगणकाचं चित्र आणि आवाज टीव्हीवर नेणारी केबल, विकत घेतली. पहिली १० मीटरची. ती अपुरी पडली म्हणून तिला ५ मीटरचं ठिगळ जोडलं. दुसरी अखंड १५ मीटरची. ती पुरली, पण चित्र मध्येच डोळा मिटायचं. मॅचमध्ये नेमका विकेटचा चेंडू आला की पडदा काळा. तिसरी आता भिंतीवरच्या पट्टीत आहे आणि ती तिथे आहे हे आम्ही विसरून गेलो आहोत.

पहिल्या दोनांचे पैसे गेले ते मी प्रश्नच चुकीचा विचारत होते म्हणून. दुकानात जाऊन ‘चांगली केबल कोणती?’ असं विचारायचे. विचारायला हवं होतं, ‘इतक्या मीटरवर, इतकं चित्र कोणती केबल नेईल?’ लांबी आणि चित्र हे दोन आकडे हातात असले की केबलचा प्रकार जवळपास ठरतोच. ब्रँड, किंमत, सोन्याचा मुलामा ही सगळी नंतरची बोलणी.

सुरू करण्याआधी एवढं जमवा:

- सुतळीचा गुंडा, सुताराचा टेप आणि पेन्सिल
- संगणकाच्या आणि टीव्हीच्या सगळ्या पोर्टचे मोबाइलवर काढलेले फोटो
- टीव्हीच्या पाठीवरच्या स्टिकरचा फोटो, म्हणजे मॉडेल नंबर
- घरातली एखादी छोटी, चालू एचडीएमआय केबल (सेट-टॉप बॉक्सची चालेल)
- मास्किंग टेप आणि मार्कर
- भाड्याचं घर असेल तर भोक पाडण्याबद्दल घरमालकाचा होकार, निदान व्हॉट्सॲपवर लिहून घेतलेला

१. केबल खरंच हवी का, ते आधी बघा

यूट्यूब आणि ओटीटीच बघायचं असेल तर आजकालच्या टीव्हीत ते आतच असतं. लग्नाचे व्हिडिओ हार्ड डिस्कवर असतील तर ते पेनड्राइव्हवर घेऊन थेट टीव्हीला लावा. वायफायवरून पडदा पाठवायची सोय लॅपटॉपमध्ये असते, पण मधे एक भिंत आली की चित्र अडखळतं आणि माऊस आपल्या मागून चालतो. शेजारीपाजारी पन्नास राउटर असलेल्या इमारतीत तर विचारू नका.

केबल हवी ती संगणकाचाच पडदा जसाच्या तसा मोठा हवा असेल तेव्हा: मुलांचे ऑनलाइन क्लास, घरच्यांसोबत व्हिडिओ कॉल, गेम, फोटोंचं काम, एक्सेलची लांबलचक शीट. आमच्याकडे सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि शेअरबाजाराचे आकडे लॅपटॉपवर दिसेनात, तिथून हे सगळं सुरू झालं.

आणि लॅपटॉप असेल तर एकदा स्वतःला विचारा की तोच उचलून टीव्हीपाशी नेता येईल का? २ मीटरच्या केबलमध्ये काम झालं तर पुढचं वाचायची गरजच नाही.

२. सुतळीने मोजा, डोळ्यांनी नको

माझी पहिली चूक इथेच झाली. आतल्या खोलीतल्या टेबलापासून टीव्हीपर्यंत नजरेने मोजलं तर सहा मीटर. म्हटलं, १० मीटर घेऊ, भरपूर होईल. केबल काही हवेतून जात नाही, ती भिंतीच्या कडेकडेने जाते.

सुतळीचं एक टोक संगणकाच्या पोर्टला चिकटवा आणि केबल जशी जाणार तशीच सुतळी न्या. आमचा हिशेब असा निघाला: टेबलावरून खाली स्कर्टिंगपर्यंत ०.७५ मीटर, तिथून दारापर्यंत ३.२, दाराच्या वर असलेल्या भोकापर्यंत चढ २.२, पलीकडच्या बाजूला उतार २.२, हॉलच्या भिंतीने ३.९ आणि टीव्हीपर्यंत वर १.१. बेरीज १३.३५. दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा मीटर ढील धरली तर १४.३५. म्हणजे १५ मीटरची केबल.

ढील हवीच. टीव्ही भिंतीपासून ओढून मागे हात घालायला लागतो, संगणक झाडलोटीला पुढे सरकवायला लागतो. ताणून बसवलेली केबल पोर्ट सैल करते.

आता आमच्या हिशेबाकडे पुन्हा बघा. दारावरून चढ-उतारातच ४.४ मीटर गेले. स्कर्टिंगपाशी भिंतीत भोक पाडलं असतं तर केबल १० मीटरमध्ये बसली असती. लांब केबलमध्ये प्रत्येक मीटर महाग असतो, आणि पैशांपेक्षा चित्राच्या दृष्टीने जास्त. म्हणून मोजताना दोन-तीन वाटा मोजा.

भोक पाडण्याआधी भिंत कसली आहे ते विचारा. जुन्या इमारतीत खोल्यांमधली भिंत बहुधा विटांची असते. नव्या टॉवरमध्ये ‘मायवान’ पद्धतीचं बांधकाम असेल तर आतल्या भिंतीसुद्धा सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात आणि इमारतीचा भार घेतात. तिथे सोसायटीला न विचारता ड्रिल चालवू नका.

दुकानात ठरावीक लांबीच मिळतात: १.५, ३, ५, १०, १५, २० मीटर अशा. तुमच्या आकड्याच्या वरची पहिली घ्या, पण उगाच त्याच्याही वरची नको. उरलेली पाच मीटर केबल टीव्हीमागे गुंडाळून ठेवली तरी चित्राला तेवढा प्रवास करावाच लागतो.

३. दोन्ही टोकांची पोर्ट ओळखा

संगणकाला नेहमीचं मोठं एचडीएमआय पोर्ट असेल तर उत्तम. फक्त एक बघा: जुन्या लॅपटॉपमध्ये, विशेषतः ऑफिसातून मिळणाऱ्या, ते १.४ आवृत्तीचं असू शकतं. त्यातून ४के (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं) चित्र सेकंदाला ३० वेळाच निघतं. मग केबल कितीही भारी आणा, ६० होणार नाही. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या पानावर बघून घ्या.

नुसतं यूएसबी-सी असेल तर प्रत्येक यूएसबी-सीतून चित्र बाहेर पडतं असं धरून चालू नका. काही फक्त चार्जिंग आणि डेटापुरती असतात. पोर्टशेजारी थंडरबोल्टची विजेच्या बाणाची किंवा डिस्प्लेपोर्टची खूण असेल तर निर्धास्त, नसेल तर मॉडेलची माहिती काढा. चित्र निघत असेल तर यूएसबी-सी ते एचडीएमआय असा छोटा ॲडॉप्टर घ्या आणि पुढे लांब एचडीएमआय लावा. ॲडॉप्टरच्या डब्यावर ‘४के ६० हर्ट्झ’ (हर्ट्झ म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा) लिहिलंय ना, ते वाचा. नुसतं ‘४के’ लिहिलेले बरेच ॲडॉप्टर ३०वरच अडतात.

डेस्कटॉपला डिस्प्लेपोर्ट असेल तर ‘डिस्प्लेपोर्ट ते एचडीएमआय’ ॲडॉप्टर लागतो. ही वाट एकदिशा आहे. दुसऱ्या दिशेचा, म्हणजे एचडीएमआयमधून निघून डिस्प्लेपोर्टला जाणारा, ॲडॉप्टर दिसायला जुळा भाऊच असतो आणि तो इथे काही कामाचा नाही.

निळं, पंधरा पिनांचं व्हीजीए पोर्टच असेल तर त्यातून आवाज जात नाही. वेगळा कन्व्हर्टर लागेल, आवाजाची पिन वेगळी जोडायची आणि त्याला यूएसबीतून वीज द्यायची. इतक्या जुन्या संगणकासाठी लांब महागडी केबल घेऊ नये असं माझं मत.

टीव्हीच्या बाजूला तीन-चार एचडीएमआय पोर्ट असले तरी सगळी सारखी असतीलच असं नाही. काही टीव्हीत एखाद-दुसऱ्याच पोर्टवर ४के ६० मिळतं. ‘एआरसी’ लिहिलेलं पोर्ट टीव्हीचा आवाज बाहेर नेतं, साउंडबार असेल तर ते त्याच्यासाठी मोकळं ठेवा.

४. चित्र किती हवं ते ठरवा

केबलमधून दर सेकंदाला किती माल जायचा आहे, एवढाच हा प्रश्न. फुल एचडी चित्र सेकंदाला ६० वेळा न्यायचं तर साधारण ४.५ गिगाबिट. ४के ३० हर्ट्झला जवळपास ९. ४के ६०ला १८. म्हणजे फुल एचडीहून ४के ६०ला चौपट. गेमवाल्यांचं ४के १२० हर्ट्झ तर ४०च्या घरात जातं, त्याला ४८ गिगाबिटवाली केबल लागते.

३२ इंची टीव्ही असेल तर तो स्वतःच बहुधा ४के नसतो. फुल एचडीची केबल घ्या आणि मोकळे व्हा. ४३ किंवा ५५ इंची ४के टीव्हीवर सिनेमेच बघायचे असतील तर ३० हर्ट्झही चालतं, कारण सिनेमा मुळात सेकंदाला २४ चित्रांचाच असतो. पण त्याच ३० हर्ट्झवर माऊस हलवून बघा, पाण्यातून काठी फिरवल्यासारखा वाटतो. मजकूर वाचणं, आकडे बघणं, गेम खेळणं यांसाठी ६० हवं. आमची गरज आकड्यांची होती, म्हणून ४के ६० धरून बसले. सासऱ्यांना फुल एचडीही चाललं असतं हे नंतर कळलं, पण ते सोडा.

५. लांबीवरून केबलचा प्रकार

तांब्याच्या तारेतून इतका वेगवान सिग्नल जाताना दर मीटरला थोडा थोडा थकतो. वेग जितका जास्त तितका लवकर थकतो. म्हणून तीच १५ मीटरची केबल फुल एचडी आरामात नेते आणि ४के ६०ला हात टेकते. आणि हे सगळं डिजिटल असल्यामुळे चित्र हळूहळू धूसर होत नाही. जातंय तोवर अगदी स्वच्छ जातं, मग मधे चांदण्या चमकतात, पडदा क्षणभर काळा होतो, आणि आणखी बिघडलं की ‘नो सिग्नल’. ‘महाग केबलने रंग खुलतात’ असं कोणी सांगितलं तर हसून पुढे जा.

५ मीटरपर्यंत: साधी तांब्याची केबल, ४के ६०साठी ‘प्रीमियम हाय स्पीड’ दर्जाची. जास्त विचार करू नका.

५ ते १० मीटर: फुल एचडीसाठी जाड तांब्याची केबल चालते. ४के ६० या टप्प्यात बेभरवशाचं होत जातं. एका घरात चालेल, दुसऱ्या टीव्हीवर नाही. तांब्याची घेणार असाल तर परत करण्याच्या बोलीवरच घ्या.

१० ते १५ मीटर: फुल एचडीसाठी जाड तांबं बहुधा चालून जातं. ४के ६० हवं असेल तर इथे तांब्याचा नाद सोडा आणि ऑप्टिकल (प्रकाशावर चालणारी) घ्या. माझी दुसरी केबल इथेच फसली: ४के ३०वर ठणठणीत, ६० केलं की उचक्या.

१५ मीटरच्या पुढे: ऑप्टिकलच.

ऑप्टिकल केबलवर बरेचदा ‘एओसी’ (ॲक्टिव्ह ऑप्टिकल केबल) असं लिहिलेलं असतं. दोन्ही टोकांच्या प्लगमध्ये बारीक चिप असतात, त्या विजेचा प्रकाश करतात आणि पलीकडे प्रकाशाची पुन्हा वीज. मधे काचेचा तंतू. त्यामुळे केबल चहाच्या गाळणीच्या दांड्याहूनही बारीक असते आणि लांबीचं ओझं तिला फारसं जाणवत नाही. तिच्या अटी मात्र आहेत. तिला दिशा असते: ‘सोर्स’ लिहिलेलं टोक संगणकाला, ‘डिस्प्ले’ किंवा ‘टीव्ही’ लिहिलेलं टीव्हीला. उलटं लावलं तर काही जळत नाही, पण काही दिसतही नाही. ती काटकोनात मोडायची नाही. आणि एकदा तंतू तुटला की तिचा उपयोग वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीइतकाच. सोल्डर मारून जोडता येत नाही. चिपना वीज संगणकाच्या पोर्टातूनच मिळते, त्यामुळे मधे ॲडॉप्टर असेल तर कधीकधी ती कमी पडते. टोकाला वेगळी यूएसबीची शेपटी असलेली केबल मिळते, ॲडॉप्टरवाल्यांनी तशी बघावी.

मधला एक प्रकार म्हणजे टोकाला सिग्नल वाढवणारी चिप बसवलेली तांब्याची केबल. तिलाही दिशा असते. १० मीटरच्या आसपास बरी पडते, पण आता ऑप्टिकल आवाक्यात आल्यामुळे मी तिच्यामागे लागणार नाही.

घराच्या भिंतीतून आधीच नेटवर्कची कॅट-६ वायर गेली असेल तर दोन छोट्या डब्या लावून त्याच वायरवरून चित्र नेता येतं. पण स्वस्त डब्या फुल एचडीपर्यंतच जातात, डब्यांसाठी प्लगची जागा लागते, आणि ती वायर राउटर किंवा स्विचला न जाता थेट एका डबीतून दुसरीत गेली पाहिजे. भिंत फोडणं अशक्यच असेल तर हा मार्ग.

आणि जोड! दोन केबल मधे डबी घालून जोडणं, जे मी केलं. फुल एचडी आलं, ४के आलंच नाही. प्रत्येक जोडापाशी सिग्नल गळतो, शिवाय ती डबी कपाटामागे सैल झाली की शोधायला पुन्हा कपाट ओढा. अखंड केबलच घ्या.

६. डब्यावरच्या गोष्टी

‘२.०’, ‘२.१’ हे आवृत्तीचे आकडे पोर्टांचे असतात, केबलचे नाहीत. एचडीएमआयचे नियम ठरवणाऱ्यांनी केबलवर असा आकडा छापायला मनाईच केली आहे, तरी बाजारात निम्म्या डब्यांवर तो दिसतो. केबलचे दर्जे नावाने ओळखायचे: ‘हाय स्पीड’ म्हणजे १० गिगाबिटच्या आसपास, ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे १८, ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे ४८. वरच्या दोन दर्जांच्या प्रमाणित केबलच्या डब्यावर क्यूआर कोड असलेलं लेबल असतं, ते अधिकृत ॲपने स्कॅन करता येतं. १५ मीटरच्या साध्या तांब्याच्या केबलवर ‘८के’ दिसलं तर ते लेबल आधी शोधा.

तांब्याच्या केबलवर एडब्ल्यूजीचा, म्हणजे तारेच्या जाडीचा, आकडा छापलेला असतो. तो उलटा चालतो: २४ म्हणजे जाड तार, ३० म्हणजे बारीक. १० मीटरच्या पुढे २४ किंवा २६ बघा. चपट्या केबल गालिच्याखाली सरकवायला सोयीच्या, पण लांब अंतराला मी घेणार नाही. सोन्याचा मुलामा आपल्याकडच्या दमट हवेत पिना गंजू नयेत इतपत ठीक, चित्राशी त्याचा संबंध नाही. नायलॉनची वीण दिसायला छान.

७. लॅमिंग्टन रोडला जाताना

ऑनलाइन घ्यायला हरकत नाही, परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे ते बघा आणि आल्या दिवशीच तपासा. पण लांब केबलसाठी मी अजूनही मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, गाठते. कागदोपत्री तो डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलंत तर टॅक्सीवालाही क्षणभर विचारात पडेल. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलं की चालत जाता येतं. ग्रँट रोडला स्लो आणि बऱ्याच फास्ट लोकलही थांबतात. आम्ही मध्य रेल्वेवाले दादरला बदलतो. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.

लॅपटॉप सोबत न्या, जड झाला तरी. दुकानात मॉनिटर किंवा टीव्ही असतोच, तिथे लावून दाखवायला सांगा. माझी दुसरी केबल घेताना दुकानदार म्हणाला, “मॅडम, फोर के है, आँख बंद करके ले जाओ.” मी खरंच डोळे मिटून नेली. त्याच्याकडे लावून बघितली असती आणि ‘साठ हर्ट्झ पे दिखाओ’ एवढं म्हटलं असतं तर एक फेरी वाचली असती.

विचारायचे प्रश्न थोडेच. किती मीटर? तांब्याची की ऑप्टिकल? ४के ६० या लांबीवर इथे लावून दाखवाल का? घरच्या टीव्हीवर नाही चालली तर बदलून द्याल का, आणि किती दिवसांत? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बिलावर लिहून घ्या. ‘आपलंच दुकान आहे, या कधीही’ हे बिलावर छापलेल्या ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ पुढे टिकत नाही. जीएसटीचं बिल मागा, वॉरंटीला तेच लागतं. घासाघीस करा, पण बिन बिलाच्या स्वस्त भावाला भुलून नको.

८. आधी जमिनीवर, मग भिंतीवर

घरी आणल्याबरोबर पट्टीत घालू नका. दोन्ही यंत्रं बंद करा, केबल जमिनीवरून सरळ पसरा, लावा, चित्र ठरवल्याप्रमाणे ४के ६०वर न्या आणि एक पूर्ण सिनेमा चालू द्या. घरातल्यांना सांगा, अडखळू नका. दोन तासांत एकदाही काळं झालं नाही, चांदणी चमकली नाही, तरच पुढे. मी दुसरी केबल आधी पट्टीत बसवली, सिलिकॉनने कडा भरल्या आणि मग चालू केली. ती पुन्हा उखडताना रंगाचे पोपडे निघाले ते अजून दारामागे आहेत.

मास्किंग टेपवर ‘संगणक’ आणि ‘टीव्ही’ असं लिहून दोन्ही टोकांना चिकटवा. ऑप्टिकल केबल उलटी बसवून मग कळणं हा फार वाईट अनुभव आहे, असं माझ्या दिरांचं म्हणणं.

९. केबल टाकताना

एचडीएमआयचं तोंड १४ मिलिमीटर रुंद, पण वरचं प्लॅस्टिक धरून २० मिलिमीटरच्या आसपास जातं. केबलवाल्याने पाडलेल्या जुन्या भोकातून ते जात नाही. भोक २५ मिलिमीटरचं लागेल. भिंतीतल्या २० मिलिमीटरच्या पाइपातून तर नाहीच, २५च्या पाइपातही बाकाशी अडकतं. घराचं नवं काम चालू असेल तर ३२ मिलिमीटरचा पाइप टाकून घ्या आणि आत नायलॉनची दोरी सोडून ठेवा. पाच वर्षांनी केबल बदलायची वेळ आली की त्या दोरीला आशीर्वाद द्याल.

इलेक्ट्रिशियन प्लगला दोरी बांधून जोर लावतात, ते करू देऊ नका. दोरी प्लगच्या बरीच मागे, केबललाच बांधा, प्लगवर टेप गुंडाळा. ऑप्टिकल केबल असेल तर दोघे जण लागतात: एकाने ओढायचं, दुसऱ्याने हाताने सोडत राहायचं.

विजेच्या वायरींच्या पाइपात ही केबल घालू नका, ते सुरक्षितही नाही. शेजारून नेताना वीतभर अंतर ठेवा, ओलांडायची वेळ आली तर सरळ आडवी ओलांडा. उघड्यावरून न्यायची तर प्लॅस्टिकची केसिंग पट्टी सगळ्यात सोपी. कोपऱ्यात केबलला गोलाई द्या. खिळ्याच्या क्लिपा ठोकताना केबल चेपली जाते, तो मोह टाळा. पावसाळ्यात ओल धरणारी भिंत असेल तर दुसरी वाट बघा. तळमजल्यावर राहत असाल तर उंदरांचा विचार करा आणि जमिनीलगत उघडी केबल ठेवू नका.

टीव्ही भिंतीला चिकटून असेल तर मागे सरळ प्लगला जागा नसते. एल आकाराचा छोटा जोड मिळतो, पण तो डावा की उजवा, वर की खाली, हे टीव्हीमागे मोबाइलचा कॅमेरा घालून आधी बघा. जाड केबलचा भार पोर्टवर लोंबकळू देऊ नका, स्टँडला एक टाय मारा.

एक इशारा जरा गंभीरपणे. केबलवाल्याची काळी वायर गच्चीवरून किंवा शेजारच्या विंगमधून येते आणि तिच्या धातूच्या वेष्टनातून कधीकधी बाहेरचा करंट घरात येतो. लॅपटॉपचा चार्जर दोन पिनांचा असेल किंवा अर्थिंग नसेल तर त्याच्याही अंगाला हात लावला की चिमटा बसतो. अशा वेळी चालू स्थितीत एचडीएमआय खुपसली तर पोर्ट जळू शकतं. म्हणून लावताना दोन्ही यंत्रांचे बटण भिंतीवरून बंद, तीन पिनांचं सॉकेट, आणि हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर आधी इलेक्ट्रिशियन.

१०. चालू केल्यावर

टीव्हीवर योग्य एचडीएमआय निवडा. विंडोजमध्ये विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबलं की तोच पडदा दोन्हीकडे, पुढे वाढवलेला, की फक्त टीव्हीवर, असे पर्याय येतात. मग डिस्प्लेच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट (तेच हर्ट्झ) बघा. ३० दिसला आणि ६० निवडताच येत नसेल तर बहुधा टीव्हीत त्या पोर्टचा पूर्ण वेग उघडायचा राहिला आहे. सोनीत त्याला ‘एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट’ म्हणतात, एलजीत ‘डीप कलर’, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’. ते चालू करा.

टीव्हीच्या कडेला टास्कबार कापला जात असेल तर टीव्हीच्या चित्राच्या आकारात ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फिट टू स्क्रीन’ असं काहीतरी शोधा. त्या इनपुटला ‘पीसी’ असं नाव दिलं तरी काही टीव्ही मजकूर जास्त रेखीव दाखवतात.

चित्र मध्येच जात असेल तर दोष कोणाचा हे पाच मिनिटांत कळतं. रिफ्रेश रेट ६०वरून ३०वर आणा, किंवा फुल एचडी करा. त्रास थांबला तर केबल दमली आहे. थांबला नाही तर लॅपटॉप टीव्हीपाशी नेऊन छोट्या केबलने जोडा. तरीही तेच झालं तर पोर्ट, ॲडॉप्टर किंवा सेटिंग, लांब केबलचा दोष नाही. हे करून मगच दुकानात भांडायला जा.

कीबोर्ड-माऊस विसरू नका. हॉलमध्ये बसून आतला संगणक चालवायचा तर वायरलेस लागेल, आणि त्याचं बारीक यूएसबी बटण डेस्कटॉपच्या पाठीमागे लोखंडी डब्याआड असेल तर हॉलपर्यंत पोचत नाही. यूएसबीची ५ मीटरपर्यंतची एक्स्टेन्शन वायर घेऊन ते बटण दाराशी आणा.

आवाज आला नाही तर घाबरू नका, विंडोज बहुतेक वेळा जुन्याच स्पीकरवर अडून बसलेलं असतं. उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरवर दाबून टीव्हीचं नाव निवडा. आमच्याकडे महिन्यातून दोनदा तरी हॉलमधून सासऱ्यांची हाक येते, “अगं, मुका झाला गं परत!” मी आतूनच, मान वर न करता, ते दोन क्लिक करते.